चौदा जानेवारीचा चुकलेला स्केड

प्रकरण अभ्यास: बडोद्याची एक गच्ची आणि अरबी समुद्रातली शिडाची बोट

अडतीस फुटी शिडाची बोट, तीन माणसं, गोव्याहून मालदीवच्या उत्तर टोकाच्या उलिगन बेटाकडे. बोटीवर बडोद्याचा एक तरुण, आणि बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या तीन मजली घराच्या गच्चीवर त्याच्या काकांच्या अँटेनाची तार. दोघांकडे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना. रोज सकाळ-संध्याकाळ एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या लघुलहरींवर, बोलायचं, बोटीने आपली जागा सांगायची, काकांनी पुढच्या चोवीस तासांचं हवामान सांगायचं, असं ठरलेलं. ठरल्या वेळेच्या अशा बोलण्याला हॅम लोक स्केड म्हणतात. १४ जानेवारीच्या संध्याकाळी हे बोलणं झालं नाही. दोन्ही सेट शाबूत होते, आकाशातला रस्ता मोकळा होता, तरी झालं नाही. त्याची किंमत बोटीवरच्या तिघांनी रात्रभर जागून चुकवली.

दोन्हीकडचे लॉग मला बघायला मिळाले आणि घरातल्यांशी बोलताही आलं. नावं आणि कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख-अक्षरं, त्यांच्या इच्छेने गाळले आहेत. बडोद्यात हॅमची हौस असलेले आम्ही थोडे लोक आहोत, त्यामुळे कुणाचं प्रकरण हे आमच्यात लपणार नाही, पण तो भाग वेगळा.

उपग्रह फोन का नाही

बडोदेकरांचा समुद्राशी संबंध तसा जुन्या संस्थानातल्या ओखा बंदरापुरता. त्यामुळे नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: आजकाल उपग्रह फोन मिळतो, मग ही खरखर कशाला? भारतात इरिडियम किंवा थुरायाचा फोन परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तर या बाबतीत बंदरांवर फार कडक नजर असते. परवान्याने मिळणारी उपग्रह सेवा आहे, पण हौशी बोटीच्या खिशाला ती सहज परवडत नाही. बोटींवरच्या जवळच्या पल्ल्याच्या व्हीएचएफ रेडिओचा चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा नजरेच्या रेषेत चालणारा मामला. लहान बोटीच्या डोलकाठीवरून वीसेक सागरी मैल गेले तरी पुष्कळ. मोबाइल तर किनारा दिसेनासा होण्याच्या आसपासच संपतो.

उरतं काय? ५१८ किलोहर्ट्झवरचं नॅवटेक्स, म्हणजे यंत्रावर आपोआप उमटणारा इंग्रजी मजकूर. त्याचा पल्ला अडीचशे ते चारशे सागरी मैल. आपल्या पश्चिम बाजूला वेरावळ, वेंगुर्ला आणि दक्षिणेला मुट्टम अशी त्याची केंद्रं आहेत. आणि त्यापलीकडे एचएफ, ३ ते ३० मेगाहर्ट्झ.

२०१७ च्या ओखी वादळाचं उदाहरण काकांनी घरात पुन्हापुन्हा दिलं होतं. नोव्हेंबरच्या अखेरीस कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरमकडचे मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते. इशारा निघाला तेव्हा तो त्यांच्यापर्यंत न्यायला काही साधनच नव्हतं, आणि मोठी जीवितहानी झाली. ते वादळ लक्षद्वीपवरून वर सरकत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याजवळ येऊन विरलं, म्हणून बडोद्यातही नाव लक्षात आहे. नंतर २०१९ मध्ये मच्छीमारांसाठी जेमिनी नावाचं यंत्र आलं. ते उपग्रहावरून इशारे उतरवून घेतं, पण ते एकमार्गी आहे. ऐकणारा उलट प्रश्न विचारू शकत नाही. या प्रकरणात नेमका तोच मुद्दा कळीचा ठरला.

एका रेखांशावरची दोन टोकं

बडोदा ७३.२ अंश पूर्व, मुरगाव ७३.८, माले ७३.५. सगळा प्रवास जवळजवळ एकाच रेखांशावर सरळ दक्षिणेला. रेडिओवाल्याला याचा फायदा असा की दोन्ही टोकांना सूर्य साधारण एकाच वेळी उगवतो-मावळतो. मधे दिवस-रात्रीची सीमा येत नाही. हिशोब बराच सोपा होतो.

सोपा, पण घरच्यांना उलटा वाटणारा. बोट गोव्याबाहेर होती तेव्हा अंतर पावणेआठशे किलोमीटर. सकाळी साडेसातला ७ मेगाहर्ट्झवर आवाज स्वच्छ, आणि १४ मेगाहर्ट्झवर पूर्ण शांतता. दोन दिवसांनी बोट साडेबाराशे किलोमीटरवर गेली आणि १४ वर आवाज खणखणीत यायला लागला. "लांब गेल्यावर जास्त ऐकू येतं, हे कसलं यंत्र?" असं काकूंनी विचारलं, ते रास्तच होतं. कारण असं की एचएफची लहर वर सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या, विद्युतभारित कणांच्या एफ थरावरून वळून खाली येते. फ्रिक्वेन्सी जितकी वरची तितकी ती तिरकीच वळते, उभी गेली तर थर भेदून निघून जाते. म्हणून १४ वर बोलणाऱ्याभोवती एक मुका पट्टा राहतो आणि सकाळी, थर अजून भरलेला नसताना, तो पट्टा बराच रुंद असतो. दुपारी हेच चित्र बदलतं. दुपारी आणखी एक होतं: खालचा डी थर ७ मेगाहर्ट्झची लहर शोषून घेतो, त्यामुळे भर दुपारी ७ वर लांबचं काही येत नाही. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपास ७ ला चांगले दिवस येतात.

या रेषेची आणखी एक खोड आहे, ती उत्तर भारतातून युरोपशी गप्पा मारणाऱ्या हॅमना सहसा माहीत नसते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ मध्ये थुंब्याला अग्निबाण तळ करण्याचं कारण तेच. आणि या विषुववृत्तामुळे वरच्या थरातला इलेक्ट्रॉनांचा जो ढीग उत्तरेला साचतो, त्याचा माथा साधारण गुजरात-माळव्यावर येतो. म्हणजे बडोदा ते मालदीव हा रस्ता माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा. सूर्य मावळल्यावर तास-दोन तासांत, विशेषतः सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत, विषुववृत्ताजवळ हा थर काही संध्याकाळी फाटल्यासारखा होतो आणि आवाज थरथरायला लागतो. बोलणारा पंख्यापुढे तोंड धरून बोलतोय असं वाटतं. हे प्रकरण पंचविसावं सौरचक्र जोरात असतानाचं आहे, म्हणून काकांनी संध्याकाळचा स्केड साडेसहालाच ठेवला होता, थरथर सुरू व्हायच्या आत. ही निवड मला फार विचारपूर्वक केलेली वाटते.

आणखी एक कारण होतं. जीएफएस हे जागतिक हवामान प्रारूप दिवसातून चार वेळा चालतं, ०, ६, १२ आणि १८ यूटीसीला (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ), आणि पूर्ण आकडे हाती यायला चार-पाच तास जातात. संध्याकाळी साडेसहा म्हणजे १३ यूटीसी. तोवर ६ ची फेरी हातात असते. त्याच्या जोडीला भारतीय हवामान विभागाचं सागरी बुलेटिन आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज. हे तिन्ही समोर ठेवून काका चार ओळींचा मजकूर हाताने लिहीत.

गच्चीवरची तार आणि बोटीतले दोन सेट

काकांची तार उलट्या व्हीसारखी. मधल्या खांबावरून एकाच केबलवर दोन जोड्या: ७ मेगाहर्ट्झसाठी एकूण वीस मीटरची, १४ साठी दहा मीटरची. लांब जोडीचं एक टोक नायलॉनच्या दोरीने शेजारच्या कठड्याला बांधलेलं. ही दोरी लक्षात ठेवा.

रेडिओत विजेच्या उपकरणांचा गोंगाट भरपूर. दांडिया बाजार म्हणजे एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर आणि आता छपराछपरावर सोलर. सोलरच्या इन्व्हर्टरचा त्रास सूर्याबरोबर मावळतो, एलईडीचा तेव्हाच सुरू होतो. संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरचा काटा एस-८ च्या खाली येत नसे. बोटीला बडोदा छान ऐकू येई, बडोद्याला बोट कष्टाने. समुद्रावर गोंगाट करायला असतं कोण?

बोटीत दोन सेट. एक समुद्री एमएफ-एचएफ, डीएससीसकट (बटणाने अंकी हाक देण्याची सोय), बोटीच्या जहाज-परवान्यावर. संकटात २१८७.५ किंवा ८४१४.५ किलोहर्ट्झवर बटण दाबून इशारा द्यायचा, मग ८२९१ वर बोलायचं, हे काम त्या सेटचं. दुसरा पुतण्याचा हॅम सेट. दोन्ही परवान्यांची गल्लत करून चालत नाही. बडोद्याच्या गच्चीवरून समुद्री चॅनेलवर बोलायचा काकांना अधिकार नाही, आणि हॅम बँडवर बोलायला बोटीचा जहाज-परवाना पुरत नाही. बोटीवरून हॅम सेट चालवायची वेगळी परवानगी आणि कप्तानाची संमती दोन्ही घेतली होती. यात कंटाळा करणारे पुष्कळ भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. अँटेना मात्र दोन्ही सेटना एकच: मागच्या बाजूचा, इन्सुलेटर घातलेला डोलकाठीचा ताण, म्हणजे ती ताणून धरणारी तार, खाली ट्यूनर, तांब्याची पट्टी आणि समुद्र.

पुतण्याने लॅपटॉपवर रेडिओफॅक्सही, म्हणजे रेडिओवरून येणारा हवामानाचा नकाशा, उतरवून बघितला होता. जपानच्या जेएमएच केंद्राची चित्रं १३९८८.५ वर येतात. सेट अप्पर साइडबँडला ठेवून १.९ किलोहर्ट्झ खाली लावायचा, मिनिटाला १२० ओळी, आणि नकाशा हळूहळू उमटतो. बघायला मजा येते. पण ती चित्रं मुख्यतः पश्चिम पॅसिफिकची, लक्षद्वीपच्या बोटीला त्यांचा उपयोग शून्य. एचएफवरून ईमेल आणि हवामानाच्या फाइली आणणारा पॅक्टर मोडेम किमतीमुळे घेतला नव्हता.

स्केडचा करार एका कागदावर होता. वेळ यूटीसीत लिहायची, कारण मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आणि तिथे घोळ होतोच. वारा नॉटमध्ये (ताशी सागरी मैल), हवामान विभागाचे ताशी किलोमीटर काकांनी आधीच बदलून घ्यायचे. आकडे सुटे बोलायचे, पंचवीस नाही, "दोन पाच". खरखरीत पंचवीस आणि पस्तीस सारखेच ऐकू येतात. आधी ७ वर दहा मिनिटं हाका, न जमल्यास १४ वर दहा मिनिटं. तेही न जमल्यास पुढचा स्केड सकाळी. एकच स्केड चुकला तर काळजी करायची नाही, सलग दोन चुकले तर करायची.

कागद चांगला होता. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक कागदांपेक्षा चांगला.

उत्तरायण

१४ तारखेला बोट १०.९ उत्तर, ७४.२ पूर्वेला होती, लक्षद्वीपच्या आंद्रोत बेटाच्या तीसेक सागरी मैल पूर्वेला. दुपारी नॅवटेक्सवर इशारा उमटला: कोमोरिन (कन्याकुमारीजवळचा समुद्र) आणि लगतच्या भागात सोसाट्याचा वारा, ताशी ४० ते ५० किलोमीटर, झोत ६० पर्यंत. म्हणजे २२ ते २७ नॉट, झोत ३२. हिवाळ्यात ईशान्येचा वारा जोर धरतो तेव्हा तो पालघाटच्या खिंडीतून नळीतून सुटल्यासारखा समुद्रावर येतो आणि पूर्वेचा होऊन थेट लक्षद्वीपकडे जातो. बोट या पट्ट्याच्या तोंडावरच होती.

अशा वेळी लहान बोटीचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे शिडं कमी करून सुकाणू बांधून थांबून राहणं, हीव्ह-टू. बोट तासाला एक-दीड मैलाने वाऱ्याबरोबर सरकते, माणसं पाळीपाळीने झोपतात. पण इथे वाऱ्याच्या दिशेला तीस मैलांवर बेट आणि त्याचा प्रवाळ. बारा तास वारा राहिला तर पंधरा-अठरा मैल सरकणार, म्हणजे निर्धास्त. तीस तास राहिला तर बोट खडकावर. कप्तानाला म्हणून एकच गोष्ट हवी होती: हा वारा किती तास? नॅवटेक्सच्या मजकुरात जोर होता, भाग होता, पण या ठिकाणी तो कधी उतरेल हे नव्हतं. ते काकांच्या कागदावर होतं. रात्री नऊपासून सकाळी नऊपर्यंत जोर, मग १८ नॉटवर उतरणार, लाट अडीच मीटर. बारा तास.

बडोद्यात त्या दिवशी काय असतं ते बडोदेकरांना सांगायला नको. सकाळपासून सगळं शहर गच्चीवर, स्पीकर, उंधियू, जिलबी, आणि मराठी घरांत त्यातच तिळगूळ. काकांनी दिवसातून अनेकदा तारेवर अडकलेले पतंग सोडवले. दुपारी चारनंतर मात्र पाहुणे आले आणि गच्ची मुलांच्या ताब्यात गेली.

साडेसहाला पाच मिनिटं असताना काका सेटवर बसले. ७ वर गोंगाट नेहमीपेक्षा जास्त, एस-९ च्या वर. हाक द्यायला की दाबली तर एसडब्ल्यूआरचा, म्हणजे तारेतून परत फिरणाऱ्या लहरीच्या मापाचा, काटा पाचच्या पुढे. सेटने स्वतःला वाचवण्यासाठी पॉवर आपोआप खाली आणली. साडेसहाला त्यांनी तशीच हाक दिली. उत्तर नाही. सहा छत्तीसला पुन्हा. उत्तर नाही. सहा सदतीसला ते उठले आणि तार बघायला जिना चढले.

वर अंधार पडायला लागलेला, काही गच्च्यांवर तुक्कल, म्हणजे पतंगाला बांधलेले कंदील, चढत होते. मांजाने ती नायलॉनची दोरी कापली होती आणि ७ ची अर्धी तार शेजारच्या पत्र्यावर पडली होती, दिव्यांच्या वायरींच्या अगदी जवळ. गोंगाट वाढण्याचं कारणही तेच. माणसांच्या गर्दीत, अंधारात, कठड्यावरून वाकून ती ओढणं शक्य नव्हतं. काका खाली आले तेव्हा सहा छप्पन्न झाले होते.

बोटीच्या लॉगमध्ये याच वेळची नोंद आहे. ६.३० ते ६.४० सातवर हाका, उत्तर नाही. ६.४० ते ६.५० चौदावर हाका, उत्तर नाही. ६.५० सेट बंद. दिवसभर ढग होते, सोलर पॅनलने बॅटरी भरली नव्हती, आणि कप्तानाने वीज जपायला सांगितली होती.

काकांनी ६.५८ ला चौदावर हाक दिली. चौदाची छोटी जोडी शाबूत होती, एसडब्ल्यूआर उत्तम. त्यांनी मजकूर सावकाश दोनदा वाचला. ऐकायला कुणी नव्हतं.

माझं निदान असं. मांजाने एक फ्रिक्वेन्सी नेली, पण ती गेली तर काय करायचं याची सोय कागदावर होती आणि ती चालली असती. दुसरी फ्रिक्वेन्सी जिन्याने नेली. बिघाड दिसला की तो शोधायला धावणं हा प्रत्येक हॅमचा स्वभाव आहे. आम्ही या छंदात पडलो तेच त्यासाठी. स्केडच्या वीस मिनिटांत मात्र सेटवरच्या माणसाने खुर्ची सोडायची नसते. घरात चार तरुण मुलं होती, कुणालाही वर पाठवता आलं असतं.

काकांनी नंतर सूर्याचीही चौकशी केली, ज्वाळा उठून एचएफ बंद पडलं का म्हणून. ही शंका तपासायला हवीच, पण तिचं उत्तर आकडे न बघताही देता येतं. ज्वाळेमुळे होणारा रेडिओ ब्लॅकआउट पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला होतो, डी थरामुळे. साडेसहाला बडोद्यात सूर्य मावळून गेलेला होता आणि बोटीवरही नुकताच मावळला होता.

"भाऊजी, तुम्ही फोन लावा"

पुतण्याची आई, म्हणजे काकांच्या वहिनी, त्याच घरात. सव्वासातला त्यांनी स्पष्ट सांगितलं, "भाऊजी, तुम्ही कोस्ट गार्डला फोन लावा, नाहीतर मी लावते." १५५४ हा नंबर त्यांच्या डायरीत लिहिलेला होता. काकांचं म्हणणं, कागदावर लिहिलंय, एक स्केड चुकला तर थांबायचं. वहिनींचं म्हणणं, कागद लिहिला तेव्हा वादळाचा इशारा नव्हता.

इथे मी वहिनींच्या बाजूचा आहे, अर्धा. शांततेचा अर्थ हवामान पाहून बदलायला हवा. चांगल्या हवेत चुकलेला स्केड आणि इशारा असताना चुकलेला स्केड यांना एकच नियम लावणं ही त्या कागदातली खरी फट होती. फोन लावला असता तरी काही बिघडलं नसतं. आपल्याला जे माहीत आहे तेवढंच सांगायचं: बोट, माणसं, शेवटची जागा आणि वेळ, ईपर्बचा, म्हणजे बोटीवरच्या संकट-बीकनचा, इशारा आलेला नाही. ४०६ मेगाहर्ट्झच्या ईपर्बचा संदेश उपग्रहावरून बंगळुरूच्या केंद्रात उतरतो आणि तिथून मुंबईच्या समन्वय केंद्राकडे जातो. तो आलेला नसणं हीसुद्धा माहिती आहे. पण "बोट हरवली" असं सांगायला मात्र काहीच आधार नव्हता.

यातून वाट काढली तीही वहिनींनीच. त्यांनी विचारलं, "तुमच्यासारखं ऐकत बसणारं आणखी कुणी नसतं का?" काकांनी रत्नागिरीच्या एका जुन्या हॅमना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, हो, साडेसहाला सातवर बोट तुम्हालाच हाका मारत होती, फाइव्ह-सेव्हन, अगदी स्वच्छ. मग तुम्ही उत्तर का नाही दिलंत? "अहो, तुमचा घरचा स्केड. मधे कशाला बोलायचं? मला वाटलं तुमचं पलीकडे चाललंय."

हॅमच्या शिष्टाचाराप्रमाणे ते बरोबर वागले. दुसऱ्याच्या बोलण्यात न बोलावता शिरत नाहीत. पण त्यांच्या गावी गोंगाट कमी, अंतर कमी, आणि बोट त्यांना सहज ऐकू येत होती. दोन वाक्यांत पूर्ण निरोप गेला असता. पावणेआठला त्यांनी बोटीला सातवर हाका मारल्या, पण तिकडचा सेट बंद झाला होता. निदान घरात एवढं कळलं की साडेसहाला बोट ठीक होती. कोस्ट गार्डला फोन झाला नाही. वहिनी झोपल्या नाहीत, काकाही नाहीत.

बोटीवरची रात्र

किती तास वारा राहील हे माहीत नसल्याने कप्तानाने हीव्ह-टू केलं नाही. शिडं दोनदा आवरून त्यांनी बोट उत्तरेकडे वळवली, वारा बाजूने घेत, बेटांपासूनचं पूर्वेचं अंतर राखत. कोचीला जावं असाही विचार झाला, पण कोची सव्वाशे-दीडशे मैल पूर्वेला, वारा तोंडावर. रात्री अकराला २८ नॉट, पहाटे तीनच्या सुमारास ३३ चा झोत. तिघेही ओले, पाळी अशी नाहीच, एक जण सतत सुकाणूवर आणि बाकीचे दोघे कपडे न काढता आडवे. सकाळी नऊनंतर वारा खरंच उतरला. तोवर बोट आपल्याच मार्गावर पंचवीस मैल मागे गेली होती.

निरोप पोहोचला असता तर? बारा तास हीव्ह-टू, सोळा-सतरा मैल पश्चिमेला सरकणं, बेट अजून तेरा-चौदा मैलांवर, दोघांना झोप, आणि सकाळी पुढे चाल. कप्तान म्हणतात, जोर आणि दिशा मला बॅरोमीटर आणि नॅवटेक्सवरून समजतच होती. कमी पडली ती घड्याळाची माहिती, आणि ती विचारायला माणूस लागतो. या प्रकरणात एचएफने कुणाचा जीव वाचवला नाही आणि ते न चालल्याने कुणाचा गेलाही नाही. पाऊण दिवस आणि एक झोप, एवढीच त्याची किंमत. पण दमलेल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी नऊ अंश खाडीतून (मिनिकॉय आणि बाकीच्या लक्षद्वीपमधला जलमार्ग), मोठ्या जहाजांच्या रहदारीतून बोट न्यायची असते, तेव्हा झोपेचा हिशोब वेगळा होतो.

दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे पुन्हा पतंग. काका आणि दोन भाचे पहाटे बॅटरीच्या उजेडात गच्चीवर गेले, शेजाऱ्यांना आधी सांगून, आणि तार परत बांधली. साडेसातला सातवर पुतण्याचा आवाज आला. "काका, काल तुम्ही होतात कुठे?" लॉगमध्ये काकांनी हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे, उत्तर लिहिलेलं नाही.

त्यानंतर बदललेल्या गोष्टी

नायलॉनच्या दोरीच्या जागी इन्सुलेटर लावून बारीक स्टीलची तार आली. मांजा ती कापू शकत नाही, फार तर पतंग अडकतो. दोरीचा खर्च किरकोळ, म्हणून हा बदल सगळ्यांना सुचतो आणि सगळेजण इथेच थांबतात. माझ्या मते तो सगळ्यात कमी महत्त्वाचा.

मोठा बदल मजकुरात झाला. काकांची पहिली ओळ पूर्वी वाऱ्याची दिशा आणि जोर अशी असे. आता पहिली ओळ वेळेची असते. जोर केव्हापासून, केव्हापर्यंत, आणि त्यावर काकांचा स्वतःचा भरवसा किती. पहिली ओळ तेवढी पोहोचली आणि बाकी गेली तरी चालेल, अशा हिशोबाने. बोटीची जागा विचारणं शेवटी, कारण ती घरच्यांच्या समाधानासाठी असते.

दुसरं, काहीही ऐकू आलं नाही तरी काकांनी ठरल्या मिनिटाला दोन्ही फ्रिक्वेन्सींवर बोटीचा कॉलसाइन घेऊन मजकूर वाचायचाच. बोलणाऱ्याला उत्तर आलं नाही म्हणजे ऐकणाऱ्याने ऐकलं नाही असं होत नाही, विशेषतः गोंगाट एकाच टोकाला असताना. त्याला जोडून बोटीवर एक जास्तीची वेळ ठेवली, फक्त ऐकण्याची. प्रक्षेपण करताना सेट वीस अँपिअर ओढतो, ऐकताना दीड-दोन. वीज वाचवायची म्हणून ऐकणंही बंद करणं महाग पडतं. ही वेळ आधी रात्री नऊची ठरली होती, पण दोन संध्याकाळी त्या थरथरीने शब्द तुटले, तेव्हा ती आठवर आणली.

रत्नागिरीचे हॅम आता कागदावर तिसरं स्टेशन म्हणून लिहिलेले आहेत आणि पाच मिनिटं उत्तर न मिळाल्यास त्यांनी न विचारता मधे शिरायचं आहे. त्यांना हे मान्य करायला वेळ लागला. वहिनींच्या आग्रहाने एक ओळ वाढली: इशारा जारी असताना एक स्केड चुकला आणि तिसऱ्या स्टेशननेही काही ऐकलं नसेल, तर दोन तासांत १५५४.

मालदीवच्या हद्दीत शिरल्यावर भारतीय परवान्यावर बोलता येत नाही, तिथली परवानगी वेगळी घ्यावी लागते. ती आली नव्हती. त्यामुळे उलिगनच्या अलीकडच्या शेवटच्या टप्प्यात बोटीने की दाबली नाही, फक्त ऐकलं. काकांनी सकाळ-संध्याकाळ सात आणि चौदावर वाचन केलं, समोरून एक शब्द न येता. बोट नांगरल्यावर पुतण्याने किनाऱ्यावरून फोन केला आणि दोन्ही दिवसांचे आकडे वाचून दाखवले. चौदावरचे सगळे बरोबर होते. सातवरच्या संध्याकाळच्या वाचनात लाटेचा एक आकडा चुकीचा उतरला होता.